तांबरमची अकरा वर्षं

लासलगावचा लिलाव बघायला सगळेच जातात. मला आवडते ती लिलाव उरकल्यानंतरची दुपार. ट्रॅक्टर रिकामे होऊन आपापल्या गावाकडे वळलेले असतात आणि व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर भराई चालू असते. बायका बसून प्रत लावतात, गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. हमाल गोणी शिवतात आणि पाठीवर घेतात. बाहेर रस्त्याकडेला मालमोटारी उभ्या असतात, त्यांच्या नंबरपाट्या वाचत चालावं: टीएन, केए, केएल. गाडीच्या सावलीत एखादा ड्रायव्हर लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून स्टोव्हवर भात शिजवत बसलेला असतो. त्याच्या भाषेत कांदा म्हणजे वेंगायम.

लासलगावची बाजार समिती स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये स्थापन झाली. इथला कांदा दक्षिणेत जातो त्यालाही आता कित्येक पिढ्या झाल्या. नगर, सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, कृष्णगिरी आणि पुढे सेलम किंवा चेन्नई अशी ही वाट. २०२४ च्या ऑक्टोबरात नाशिकहून ८४० टन कांदा थेट रेल्वेने चेन्नईला रवाना झाला, त्याची बातमी झाली. रोज रस्त्याने जातो त्याची कोण करणार?

या वाटेने कांद्याखेरीज आणखीही काही गेलं आणि आलं. १९९० च्या दशकात एचआयव्ही पसरला तो मोठ्या रस्त्यांच्या कडेकडेने. महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही दोन्ही राज्यं तेव्हा देशातल्या सर्वाधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांमध्ये मोडत होती. तमिळनाडूतलं नामक्कल हे ट्रकवाल्यांचं गाव. मालमोटारींच्या बॉड्या तिथे बांधल्या जातात आणि ड्रायव्हर तिथूनच देशभर जातात. त्या जिल्ह्याचं नाव त्या काळातल्या अहवालांत वर असे. आपल्याकडे मुंबईच्या भिंतींवर २००२ मध्ये 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या' असं विचारणारे फलक लागले, आणि पुढच्याच वर्षी चेन्नईत त्याच धर्तीवर 'पुल्ली राजा'चे. दोन शहरं, एकच प्रश्न.

एसटी स्टँडवरचे त्या आधीचे सरकारी फलक मला आठवतात. कवटी, हाडं, काळी पार्श्वभूमी. ते वाचून माणूस घाबरत होता, पण घाबरलेल्या माणसाने जायचं कुठे हे त्यावर लिहिलेलं नसे. स्टँडच्याच मागच्या भिंतीवर मात्र कुठल्याशा दवाखान्याची चुन्याने रंगवलेली जाहिरात असे, 'गुप्तरोग, हमखास इलाज'. तिथे पत्ताही असे आणि वेळही. गावात या आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. 'त्याला तसलं झालंय', एवढंच. मग अंगारा, मग काढा, मग ताकदीची सलाईन, मग जमिनीचा तुकडा विकून शहरातला डॉक्टर, असा क्रम.

औषध नसताना रुग्णाचं काय करायचं, हा वैद्यकातला जुना प्रश्न आहे. या आजाराच्या बाबतीत भारतातल्या एका सरकारी रुग्णालयाने अकरा वर्षं त्याला एक उत्तर देऊन पाहिलं. ते कांद्याच्या त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे पोहोचायच्या आधी मात्र एका मराठी बाईंना भेटावं लागतं.

सुनीती गायतोंडे मद्रासेतच जन्मल्या आणि वाढल्या. घराणं महाराष्ट्रीय, व्यवसाय कातड्याचा, सात भावांवरची ही एकुलती मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी लग्न केलं, परदेशात काम करून परतल्या आणि त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. १९८५ च्या अखेरीस त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला प्रबंधासाठी विषय शोधत होती. बाईंनी सुचवलं, एड्सच्या विषाणूचा शोध घे. तेव्हा हा आजार अमेरिकेतला समजला जाई. भारतात तो येणारच नाही, आपले संस्कार आडवे येतील, असं बरेच जाणते लोकही म्हणत.

निर्मलाने मद्रासेतल्या एका सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं. सुमारे ऐंशी नमुने जमले. मद्रासेत ते तपासायची सोय नव्हती. ती होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९८६ च्या फेब्रुवारीत निर्मला आणि तिचा नवरा बर्फात ठेवलेले नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरजवळच्या काटपाडीला उतरले. तपासणीत सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. पुन्हा तपासले, पुन्हा पिवळा. अमेरिकेत पाठवून खात्री करून घेतली, आणि मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ते जाहीर केलं. त्याच वर्षी मुंबईतही एड्सचा पहिला रुग्ण नोंदला गेला. आपले संस्कार आडवे आले नव्हते.

१९९३ मध्ये सुनीतीबाईंनी चेन्नईत वायआरजी केअर ही संस्था काढली. नावातले वाय. आर. जी. म्हणजे त्यांचे वडील, वाय. आर. गायतोंडे. पुढे तर त्या आपल्या बाधित रुग्णांची लग्नंही जुळवू लागल्या. तपासणीच्या कागदांबरोबर जात, शिक्षण आणि पगार यांचीही नोंद. त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटात हे सगळं पाहायला मिळतं. मरणाच्या यादीत टाकलेल्या माणसांची स्थळं बघणारी ही बाई २०१५ मध्ये गेली, आणि २०१७ मध्ये तिला मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटतं, याची मला दरवेळी थोडी लाज वाटते.

आता तांबरम.

चेन्नईच्या लोकल गाडीने दक्षिणेला निघालं की तांबरमच्या आधी एक स्टेशन लागतं, त्याचं नावच तांबरम सॅनिटोरियम. १९२८ मध्ये डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. हे मुथु मोठे विलक्षण गृहस्थ. इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांवर त्यांचं क्षयाचं आरोग्यधाम होतं आणि १९१७ मध्ये गणिती रामानुजन तिथे त्यांचे रुग्ण होते. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी ही त्यांची उपचारपद्धती. प्राचीन हिंदू वैद्यकावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतंच. आपल्याकडे देवळालीला हवापालटासाठी बांधलेली सॅनिटोरियमं किंवा पाचगणीचं १९१२ चं बेल-एअर ही त्याच विश्वासाची अपत्यं: औषध नाही, तर निदान हवा तरी चांगली मिळावी.

मग औषधं आली. १९५६ मध्ये मद्रासेत क्षयाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र उभं राहिलं आणि तिथे एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, सकस आहार दिला, पूर्ण विश्रांती दिली. दुसऱ्या गटाला त्यांच्याच झोपडीत, त्यांच्याच अपुऱ्या जेवणावर, तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. म्हणजे बरं करत होती ती गोळी. हवा आणि अंडी सोबतीला होती. जगभरची आरोग्यधामं या निकालानंतर हळूहळू ओस पडत गेली. तांबरम सरकारी छातीरोग रुग्णालय म्हणून टिकलं, पण त्याच्या नावातली जादू संपली होती.

हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण तांबरमला तो पुन्हा एकदा अनुभवायचा होता.

१९९३ च्या सुमारास एचआयव्हीचे रुग्ण तांबरममध्ये दाखल होऊ लागले. ते इथेच का आले, याला कारण आहे. या विषाणूने प्रतिकारशक्ती खचली की भारतात सर्वांत आधी डोकं वर काढतो तो क्षय. खोकत, झिजत आलेला माणूस छातीच्या दवाखान्यात पोहोचायचा, तिथे रक्त तपासलं जायचं आणि खरं कारण कळायचं. दुसरी रुग्णालयं असे रुग्ण दारातूनच परत पाठवत. तांबरमने त्यांना खाट दिली. बघता बघता साडेसातशेहून अधिक खाटांचं हे रुग्णालय एचआयव्हीच्या उपचारांसाठी देशातलं सर्वांत मोठं ठिकाण झालं. आंध्र आणि कर्नाटकातूनही लोक येत.

खाट दिली, पुढे काय? क्षयाची औषधं होती, न्यूमोनियाची होती, तोंडातल्या बुरशीची होती. मूळ विषाणूवर एक झिडोव्हुडीन होतं. सिप्लाने १९९३ मध्ये ते भारतात आणलंही, पण एकट्या औषधाचा गुण काही महिन्यांपुरताच टिके आणि ते सरकारी रुग्णाच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिल्यावर माणसं मरणाच्या दारातून परततात असं सिद्ध झालं. तिथल्या भावाने त्या तीन औषधांचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. तांबरमच्या वॉर्डातल्या माणसाला ती बातमी कळली असती तरी तिचा उपयोग शून्य.

रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. सी. एन. दैवनायगम हे छातीचे डॉक्टर, ॲलोपॅथीत शिकलेले. त्यांनी शेजारच्या परंपरेकडे हात पुढे केला. तमिळनाडूत सिद्ध वैद्यक हे काही जंगलातल्या साधूचं गुपित नाही. तिथे त्याची सरकारी महाविद्यालयं आहेत, पदव्या आहेत, जिल्हा रुग्णालयांत विभाग आहेत. अगस्त्य आणि इतर मिळून अठरा सिद्धर हे या शास्त्राचे आद्य पुरुष मानले जातात. वात, पित्त, कफ आपल्या ओळखीचेच, नाडीपरीक्षाही ओळखीची. वेगळेपण आहे ते धातू आणि खनिजं यांच्या वापरात, आणि ग्रंथ तमिळ पद्यात असण्यात.

तांबरममध्ये तीन औषधं एकत्र देऊ लागले. पहिलं रसगंधी मेळुगु. रस म्हणजे पारा, गंधी म्हणजे गंधक, मेळुगु म्हणजे मेण. शुद्ध केलेला पारा आणि गंधक कित्येक वनस्पतींबरोबर कुटून कुटून मेणासारखा मऊ गोळा होईपर्यंत आणायचा, ही त्याची कृती. दुसरं अमुक्करा चूर्णम्. अमुक्करा म्हणजे आपली अश्वगंधा. तिसरं नेल्लिक्काय लेहियम्, म्हणजे आवळ्याचा अवलेह, च्यवनप्राशाचा चुलतभाऊ. तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या उपचाराला 'रॅन' म्हणू लागले. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर चिमूटभर काळपट मेण, चमचाभर चूर्ण, चमचाभर आंबटगोड लेह. ज्याला शेजाऱ्याने पाणी दिलं नव्हतं, त्याच्या तळहातावर दिवसातून दोनदा कोणीतरी औषध ठेवत होतं. याचं मोल कुठल्या चाचणीत मोजता येईल, मला ठाऊक नाही.

या औषधाच्या नावातला पारा ऐकून आजचा वाचक दचकेल. दचकायला हवंच, त्याकडे मी येतोच. पण लैंगिक संबंधातून येणारा परदेशी रोग आणि त्यावर पारा, ही जोडी आपल्याकडे पहिल्यांदा बसत नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर उपदंश आला. भावमिश्राने भावप्रकाशात त्याला नावच दिलं फिरंग रोग, आणि उपाय सांगितले ते पाऱ्याचे कल्प आणि चोपचिनी. तमिळमध्ये चोपचिनीला म्हणतात परंगीपट्टै. परंगी म्हणजे फिरंगीच. रोगाचं नाव औषधालाही चिकटलं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने चोपचिनीवर आख्खं प्रकरण लिहिलं. हाच ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचारांसाठी जात असे. युरोपातही १९१० मध्ये साल्वर्सान येईपर्यंत उपदंशावर पाराच दिला जात होता आणि त्याने दात पडून, तोंड येऊन माणसं हैराण होत होती. तेव्हा पाऱ्याबद्दल कोणी कोणाला अडाणी म्हणायचं कारण नाही.

आणि सिद्ध वैद्यकाला परकं म्हणायचा अधिकार तर मराठी माणसाला मुळीच नाही. तंजावरच्या भोसल्यांमधले दुसरे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द, यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. तिथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि इंग्रजी अशा चारही पद्धतींचे वैद्य पदरी होते. औषध रुग्णाला द्यायचं, काय घडतं ते पाहायचं, गुण आला तर नोंदवायचं. टिकलेले योग मग तमिळ पद्यात बांधून घेतले गेले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापले आहेत. डोळ्यांचे विकार, मधुमेह, खोकला-दमा असे त्याचे खंड. राजे स्वतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत लक्ष घालत, आणि त्या रुग्णांची इंग्रजीत लिहिलेली टिपणं, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही तिथे जपलेली आहेत. घरात मराठी, दप्तरात मोडी, औषधाच्या पोथीत तमिळ आणि रुग्णाच्या टिपणात इंग्रजी. दीडशेहून अधिक वर्षांनी दैवनायगमनी तांबरममध्ये जे केलं, त्याला तमिळ मुलखातलं पूर्वीचं उदाहरण शोधायचं तर ते एका भोसल्याच्या वाड्यात सापडतं.

सरफोजींची आठवण आणखी एका कारणाने काढली. पाहायचं आणि नोंदवायचं, हा त्यांचा आग्रह होता. तांबरममध्येही नोंदी झाल्या. भूक वाढते, वजन वाढतं, जुलाब थांबतात, अंगात बळ येतं, माणूस उठून कामाला लागतो, अशी निरीक्षणं दैवनायगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढल्याचे, विषाणूचं प्रमाण उतरल्याचे दावेही पुढे आले. पण मद्रासच्या क्षयप्रयोगात होता तसा तुलनेचा दुसरा गट इथे नव्हता. त्याच रुग्णांना क्षयाची औषधं चालू होती, न्यूमोनियाची चालू होती, दोन वेळचं जेवण मिळत होतं, झोपायला खाट होती. वजन कशाने वाढलं? आवळ्याने, क्षयाच्या गोळीने की भाताने? हे वेगळं काढायची सोयच त्या मांडणीत नव्हती. मला दैवनायगमांच्या हेतूबद्दल शंका नाही. दारात शेकडो माणसं उभी असताना निम्म्यांना काहीच न देता नुसतं पाहत राहा, हे सांगणं सोपं नसतं. पण पुरावा हेतूवर उभा राहत नाही, हेही तितकंच खरं.

पाऱ्याचं म्हणाल तर शास्त्रोक्त शोधन केलं की तो बाधत नाही, असं वैद्य म्हणतात. बाजारातल्या मालाचं शोधन कोणी पाहिलंय? २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं प्रयोगशाळेत तपासली गेली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. ज्याचं यकृत आणि मूत्रपिंड आधीच आजाराने थकलं आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

आणि तांबरमच्या भिंतीबाहेर जे चालू होतं ते फार वाईट होतं. रुग्णालयातला डॉक्टर 'बळ येईल' म्हणत होता. बाहेरचा विक्रेता 'रोग मुळासकट जाईल' म्हणत होता आणि त्याचे हजारो रुपये घेत होता. औषध कायद्याच्या नियमांना जोडलेली 'जे' नावाची एक अनुसूची आहे. जे आजार बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, त्यांची ही यादी. इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या या यादीत पहिलंच नाव एड्सचं आहे. कायदा होता, जाहिरातीही होत्या. भिंतीवरचा चुना कायद्यापेक्षा लवकर वाळतो.

तांबरमची ही मधली वर्षं संपवली ती मुंबईच्या एका कंपनीने. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरची ती तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला आफ्रिकेसाठी द्यायची तयारी दाखवली. जगभर खळबळ उडाली. दहा हजार कुठे आणि साडेतीनशे कुठे! गंमत म्हणा की शोकांतिका, आफ्रिकेला स्वस्त औषध देणाऱ्या या कंपनीच्या देशात सरकारी रुग्णाला ते फुकट मिळायला आणखी तीन वर्षं लागली. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने आठ रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे ही तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार, सुरू केली. त्यात मुंबईचं जे. जे. होतं आणि तांबरमही होतं.

पुढे जे झालं ते १९५९ सारखंच. खाटेवर आणून टाकलेली माणसं दोन-तीन महिन्यांत चालत घरी जाऊ लागली. गोळीने मधली जागा घेतली; मेण, चूर्ण आणि लेह बाजूला सरकले. सरकले, पण गेले नाहीत. सुरुवातीच्या गोळ्यांनी मळमळ व्हायची, तळपाय जळायचे, रक्त कमी व्हायचं. भूक लागावी, झोप यावी, तोंडाला चव यावी यासाठी लोक लेह घेतच राहिले. २००५ च्या सप्टेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते राष्ट्रीय सिद्ध संस्था राष्ट्राला अर्पण झाली, तीही याच तांबरम सॅनिटोरियममध्ये. म्हणजे आज एकाच स्टेशनावर उतरून एक माणूस एआरटीच्या रांगेत जातो, दुसरा सिद्धच्या. काहीजण दोन्हीकडे जातात.

दोन्हीकडे जाणाऱ्यांची काळजी वेगळी. पूरक म्हणजे निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. कांद्याचा सख्खा भाऊ लसूण घ्या. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातलं साक्विनाव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलं. फोडणीतल्या चार पाकळ्यांची ही गोष्ट नाही, रोजच्या अर्काची आहे. पण औषध निम्मं झालं की विषाणू त्याला सरावतो आणि मग ती गोळी कायमची वाया जाते. दक्षिण आफ्रिकेत तर आरोग्यमंत्रीच लसूण, बीट आणि लिंबू यांची शिफारस करत होत्या. २००६ च्या टोरांटो परिषदेत त्या देशाच्या दालनात हाच भाजीपाला मांडला होता. तिथे एआरटी द्यायला झालेल्या उशिराने तीन लाखांहून अधिक माणसं गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे हिशेब मांडला. तांबरम आणि प्रिटोरिया यांच्यात फरक कशाचा, असं विचाराल तर मी म्हणेन, औषधाचा नाही. तांबरमने गोळी आली त्या दिवशी तिला वाट मोकळी करून दिली.

आपल्याकडची स्थितीही आता पालटली आहे. पाचगणीचं बेल-एअर क्षयाकडून एचआयव्हीच्या रुग्णांकडे वळलं, तांबरमसारखंच. जिल्ह्याच्या रुग्णालयात एआरटी केंद्र असतं, तपासणी तालुक्यातही होते, आणि तब्येत स्थिर असलेल्याला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. कायम रस्त्यावर असणाऱ्याला याचं मोल विचारा. रोज एकच गोळी, तीत तीन औषधं, बहुतेकजण रात्री जेवणानंतर घेतात. २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला, बाधित माणसाला कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणं हा भेदभाव ठरवला. गावात मात्र अजूनही 'तसलं' हाच शब्द चालतो.

केंद्रावरच्या समुपदेशक ताई दर खेपेला एक प्रश्न विचारतात, 'अजून काही घेताय का?' बहुतेकजण नाही म्हणतात. पिशवीत गोळ्यांच्या डब्याशेजारी कुणी दिलेल्या चूर्णाची पुडी असते, घरच्या मोरावळ्याची बाटली असते. मोरावळ्याला ताईंची हरकत नसते. पुडी मात्र त्या उघडून बघतात, वास घेतात आणि विचारतात, 'ही कुणी दिली? यात काय आहे, सांगितलं का त्यानं?'

लासलगावच्या खळ्यावर संध्याकाळी ताडपत्री आवळली जाते आणि टीएनची गाडी नगरच्या रस्त्याला लागते. काही दिवसांनी ती चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात रिकामी होते. तिथून तांबरम वीस-पंचवीस किलोमीटर. साडेसातशे खाटांच्या सांबाराला कांदा कुठून येतो याची चौकशी मी केलेली नाही, पण त्यातला थोडा निफाड तालुक्यातला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.